कळलावी – रानांतली आणि अंगणांतली

आषाढाचा पाऊस स्थिरावला, डोंगरउतारावरील करवंदीच्या जाळ्या हिरव्यागार झाल्या, कीं त्या जाळ्यांच्या माथ्यावर एक फूल दिसूं लागतें. प्रथम तें हिरवट पिंवळें असतें. मग पाकळ्यांच्या टोकांकडून लाली उतरूं लागते, आणि आठवडाभरांत सबंध फूल निखाऱ्यासारखें तांबडें होतें. फूल मान खालीं घालून लोंबतें, परंतु त्याच्या सहाहि पाकळ्या मागें वळून वर उठलेल्या असतात व त्यांच्या कडा कुरळ्या असतात. त्यामुळें दुरून पाहणाऱ्यास हिरव्या जाळीवर ज्योत पेटल्याचा भास होतो. संस्कृतांत या वेलीस 'अग्निशिखा' असें नांव आहे. मराठी मुलुखांत मात्र तिचें रूढ नांव कळलावी. कोठें तिला खड्यानाग म्हणतात, कोठें वाघनखी. गोव्यांत गणेशचतुर्थीच्या माटोळीस रानांतील जीं फळें-फुलें बांधतात, त्यांतहि हिचें फूल असतें.

कळलावी हें नांव तिच्या रूपावरून पडलेलें नसून गुणावरून पडलें आहे. कळ म्हणजे वेदना. अडलेल्या बाळंतिणीस कळा याव्या म्हणून हिच्या कंदाचा लेप पोटावर किंवा तळपायांवर लावण्याची चाल पूर्वीं होती. कळ लावणें याचा दुसरा अर्थ भांडण लावणें. म्हणून ही वेल घरांत आणली तर घरांत तंटे माजतात, असाहि समज खेडोपाडीं आढळतो. वेलीमुळें कोणाचें भांडण होत नाहीं हें उघड आहे. तरी तो समज अगदींच निरुपयोगी नसावा. कळलावी ही अत्यंत विषारी वनस्पति आहे, आणि मुलांबाळांच्या घरापासून ती चार हात दूर राहिली तर त्यांत नुकसान कोणाचेंच नव्हतें.

अशी ही सुंदर आणि विषारी वेल अंगणांत लावावी काय, आणि लावावयाची तर कशी, हे दोन प्रश्न बागेचा नाद असलेल्या पुष्कळांना पडतात. पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें, कीं लहान मूल किंवा सुटें जनावर जेथें पोंचूं शकत नाहीं अशी जागा असेल, तर खुशाल लावावी. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र पुष्कळ लोक चुकीचें काढतात. ते पावसाळ्यांत डोंगरावर जातात, फुलावर लुब्ध होतात, आणि काठीनें माती उकरून वेल मुळासकट घरीं आणतात. थोड्याच दिवसांत ती माना टाकते. रानांतील एक वेल कमी होते आणि अंगणांतहि कांहीं उरत नाहीं. असें कां होतें हें समजण्यासाठीं या वेलीचें जमिनीखालचें जीवन पाहिलें पाहिजे.

वर दिसणारी वेल ही चार-पांच महिन्यांची असते. कळलावीचें खरें जीवित जमिनीखालच्या कंदांत असतें. हा कंद बोटासारखा लांबट व गोल असून बहुधा मधोमध वांकलेला, दोन शाखांचा असतो. या नांगरासारख्या आकारावरूनच संस्कृतांत तिला 'लांगली' म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. कंदाच्या प्रत्येक शाखेच्या टोकाशीं एक डोळा असतो. पावसाचा ओलावा आंत उतरला, कीं त्या डोळ्यांतून कोंब निघतो. बटाट्याच्या अंगावर अनेक डोळे असतात. एक मेला तर दुसरा फुटतो. कळलावीच्या शाखेला मात्र टोकाचा तेवढाच डोळा. तो मोडला, कीं ती शाखा बहुधा वायां गेली.

कंदाचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. तो दरवर्षीं नवा होतो. जुन्या कंदांतील अन्न खर्च करून कोंब वर येतो, वेल वाढते, पानें ऊन खातात, आणि त्या पानांनीं तयार केलेलें अन्न खालीं जाऊन नवा कंद भरूं लागतो. दिवाळीच्या सुमारास वेल वाळते, तेव्हां जुना कंद सुकून गेलेला असतो आणि त्याच्या जागीं नवा, भरदार कंद असतो. म्हणजे वेल ऐन फुलांत असते तेव्हां जुन्या कंदांतील सांठा सरत आलेला असतो व नवा सांठा पुरता झालेला नसतो. रानांत जाणारा मनुष्य नेमका याच वेळीं तिला उपटतो. शिवाय कंद ठिसूळ असतो. करवंदीच्या मुळांत नाहीं तर खडकाच्या फटींत तो अडकलेला असतो, आणि ओढतांना हमखास तुटतो. राष्ट्रीय उद्यानें व अभयारण्यें येथून परवानगीवांचून झाडें काढून नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे, आणि राखीव जंगलांना १९२७ च्या भारतीय वन कायद्याचें संरक्षण आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी, जी गोष्ट केल्यानें वेल जगतच नाहीं ती करण्यांत अर्थ नाहीं.

तेव्हां कळलावी मिळवावयाची ती रोपवाटिकेंतून कंदाच्या रूपानें, अथवा कोणाच्या बागेंतील वेलीच्या बियांपासून. कंद विकत घेतांना एक गोष्ट पाहावी. पाकळ्या रुंद, कमी कुरळ्या, गडद किरमिजी व पिंवळ्या काठाच्या असलेला एक प्रकार फुलांच्या व्यापारांत फार प्रचलित आहे. तो मूळचा आफ्रिकेंतला. सह्याद्रीवरील कळलावीच्या पाकळ्या त्याहून अरुंद आणि फार कुरळ्या असतात. शास्त्रज्ञ दोहोंना आज एकाच जातींत घालतात. लिनीअसनें १७५३ सालीं त्या जातीला ग्लोरिओझा सुपर्बा असें नांव दिलें. पूर्वीं हिची गणना लिलीच्या कुळांत होत असे. आतां ती निराळ्या, कोल्चिकम या युरोपीय फुलझाडाच्या कुळांत होते. आफ्रिकेच्या उष्ण भागापासून भारत, श्रीलंका व आग्नेय आशियापर्यंत ती रानोमाळ उगवते. तरीहि ज्याला आपल्या डोंगरावरचीच कळलावी हवी असेल, त्यानें फूल पाहून मगच कंद घ्यावा.

लागवडीची सारी रीत ही वेल रानांत कशी राहते यावरून ठरते. घनदाट जंगलाच्या काळोखांत ती क्वचितच दिसते. जंगलाची कड, पायवाटेची बाजू, गांवाबाहेरचें कुंपण, झुडपांनीं भरलेला उतार, या तिच्या आवडत्या जागा. तेथें बुंधा झुडपांच्या सांवलींत थंड राहतो आणि शेंडा उन्हांत जातो. पाऊस भरपूर पडतो, परंतु उतारामुळें तो साचत नाहीं. माती मुरमाड, आणि तिच्यावर दरवर्षीं पडणाऱ्या पानांचा कुजका थर. अंगणांत एवढें साधलें कीं काम झालें: मुळाशीं सांवली, शेंड्याला ऊन, आणि पाण्याचा पक्का निचरा.

कंद लावण्याचा योग्य काळ म्हणजे मे अखेर, मृगाच्या आधींचे आठ-दहा दिवस. कुंडींत लावावयाचा असल्यास कुंडी निदान बारा इंच खोल असावी व तिच्या तळाला भोकें मोकळीं असावींत. तळाशीं खापऱ्यांचा थर द्यावा. दोन भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा, असें मिश्रण चांगलें मानवतें. ताजें शेण किंवा अर्धकच्चें खत मुळींच घालूं नये. त्यानें कंद सडतो. कंद उभा न रोवतां आडवा ठेवावा व त्यावर दोन-तीन इंच माती ओढावी. ठेवतांना डोळा मोडणार नाहीं याची काळजी घ्यावी. जमिनींत लावावयाचा असल्यास दोन कंदांमध्यें फूट-दीड फूट अंतर असावें, आणि काळी चिकण जमीन असेल तर उंच वाफा करूनच लावावा. एकदा पाणी देऊन मग माती किंचित ओलसर राहील एवढेंच पाणी द्यावें. कोंब दोन-चार आठवड्यांत दिसतो. कधीं त्याहून अधिक वेळ लागतो. या काळांत माती उकरून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण उकरणाराच्या बोटानेंच कोंब मोडतो.

कोंब हातभर झाला, कीं त्याला आधार लागतो. या वेलीला दोडक्यासारखे वेगळे ताणे नसतात. तिच्या पानाचें टोकच लांब होऊन वळतें व जें सांपडेल त्याला वेटोळें घालतें. हें वेटोळें बारीक असतें. जाड बांबू किंवा खांब त्याच्या कवेंत येत नाहीं. म्हणून बांबू रोवून वेल त्याला बांधीत बसण्यापेक्षां, मुळाभोंवतीं तुराट्या किंवा बारीक फांद्यांच्या शिऱ्या उभ्या कराव्या. वेल आपली आपण चढते. एखादें नाजूक झुडूप शेजारीं असेल तर फारच उत्तम. रानांतहि ती असाच शेजार शोधते. वेल सहा ते दहा फूट सहज जाते. आधार कोंब निघण्यापूर्वींच रोवणें श्रेयस्कर. मागाहून रोवलेली काठी कधीं कंदांतूनच जाते.

पावसाळ्यांत पाणी द्यावें लागत नाहीं. पडणारें पाणी निघून जातें कीं नाहीं एवढें पाहावें. पावसाची दीर्घ उघडीप पडली तर मात्र पाणी द्यावें. कळ्या धरूं लागल्या म्हणजे कुजक्या खताचा एक हात पुरे. फुलें सामान्यतः जुलैपासून सप्टेंबरपर्यंत येतात.

फुलाची रचना निरखून पाहण्यासारखी आहे. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेर पसरलेले असतात. स्त्रीकेसराची दांडी सरळ खालीं न जातां बुडाशींच काटकोनांत वळून एका बाजूस जाते. त्यामुळें स्वतःचा पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडण्याचा संभव कमी होतो, आणि मधासाठीं फुलाभोंवतीं फिरणारें फुलपांखरूं किंवा शिंजीर पक्षी एका फुलाचा पराग दुसऱ्याकडे नेतो. शहराच्या गच्चीवर हे पाहुणे नेहमींच येतात असें नाहीं. बी धरावें अशी इच्छा असेल तर सकाळच्या वेळीं मऊ कुंचल्यानें एका वेलीच्या फुलांतील पराग दुसऱ्या वेलीच्या कुक्षीवर लावावा. फळ धरलें तर लांबट हिरवें बोंड वाढतें. पिकल्यावर तें तीन भागांत उकलतें व आंत नारिंगी-लाल बियांच्या रांगा दिसतात.

बियांपासून वेल वाढविणें हें सबुरीचें काम आहे. ताजी बी लगेच रुजत नाहीं; तिला कांहीं महिने विश्रांति लागते व तिचें कवचहि कठीण असतें. म्हणून बिया सांवलींत वाळवून ठेवाव्या, पुढील वर्षीं पावसाच्या तोंडावर एक दिवस पाण्यांत भिजवून अर्धा इंच खोल पेराव्या. कांहीं तीन-चार आठवड्यांत उगवतील, कांहींना तीन महिने लागतील. तेवढ्यांत कुंडी रिकामी समजून ओतूं नये. पहिल्या वर्षीं बारीकसा एक कोंब येतो, थोडीं पानें काढतो व वाळतो. खालीं लहानसा कंद राहतो. दुसऱ्या वर्षीं तो थोडा वाढतो. फूल दिसावयास तीन ते चार वर्षें जातात. रानांतून उपटून आणणाऱ्याला हा काळ फार वाटेल. परंतु रानांत दिसणाऱ्या प्रत्येक फुलामागें, तें बियांपासून आलें असेल तर, इतकींच वर्षें असतात हेंहि त्यानें लक्षांत घ्यावें.

कीड या वेलीला फारशी लागत नाहीं. अपवाद एका अळीचा. काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेली ही अळी कळलावीच्या व तिच्यासारख्या कंदवर्गीय झाडांच्या पानांवर तुटून पडते. पॉलिटेला ग्लोरिओझी या तिच्या शास्त्रीय नांवांतच कळलावीचें नांव गुंफलें आहे. जें विष माणसाला मारतें तें पान ही अळी सुखानें खाते. वेळींच लक्ष दिलें तर हातमोजे घालून अळ्या वेंचून काढणें पुरेसें होतें.

नवशिक्याच्या हातून कळलावी मरते ती बहुधा फुलांनंतर. ऑक्टोबरपासून पानें पिंवळीं पडूं लागतात. वेलीला पाणी कमी झालें असें समजून मनुष्य अधिक पाणी घालतो, आणि झोपीं जाणारा कंद सडवतो. पिंवळेपणा हा येथें रोग नव्हे. वेल आपलें अन्न कंदांत भरून आवराआवर करीत असते. या वेळीं पाणी हळूहळू तोडावें. हिरवीं पानें कापूं नयेत. तीं पूर्ण वाळल्यावर दांडा आपोआप सुटतो. मग कुंडी सांवलींत, पावसापाण्यापासून दूर, कोरडी ठेवून द्यावी व तिच्यावर नांव आणि साल लिहिलेली चिठ्ठी लावावी. मे महिन्यापर्यंत तिला कांहीं नको. कंद वाढले असतील तर याच विश्रांतीच्या काळांत, हातमोजे घालून, ते जोडावर वेगळे करावे. डोळा शाबूत असलेल्या प्रत्येक शाखेपासून निराळी वेल होते.

हातमोज्यांचा उल्लेख पुनःपुन्हां येतो तो उगीच नव्हे. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदांत व बियांत, कोल्चिसीन नांवाचें विष असतें. आयुर्वेदांत लांगलीची गणना उपविषांत केली आहे. श्रीलंकेंत हिला नियंगला म्हणतात. तेथें रताळें किंवा रानकंद समजून हिचा कंद उकडून खाल्ल्यानें माणसें दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. उकडल्यानें हें विष जात नाहीं. खाल्ल्यावर कांहीं तास विशेष जाणवतहि नाहीं. मग तोंडांत व घशांत आग, उलट्या, जुलाब सुरू होतात. पुढें रक्तदाब उतरतो व रक्त तयार होण्याची क्रिया मंदावते. जो वांचतो त्याचे केंस एक-दोन आठवड्यांनीं गळूं लागतात. या सर्व लक्षणांचें कारण एकच आहे. कोल्चिसीन पेशींचें विभाजन थांबवतें. आंतड्याचें अस्तर, हाडांतील मज्जा आणि केंसांचीं मुळें या ठिकाणीं पेशी सतत विभागत असतात, म्हणून घाव प्रथम तेथें बसतो.

म्हणून कांहीं नियम कसोशीनें पाळावे. कळलावीचा कंद स्वयंपाकघरांत, कांद्याबटाट्यांच्या टोपलीजवळ, कधींहि ठेवूं नये. आलें, हळद, रताळीं यांच्या वाफ्याशेजारीं ती लावूं नये. बोंडें उकलण्यापूर्वीं काढून घ्यावींत, कारण लाल बी मुलाच्या हाताला मोह पाडते. काढलेल्या वेली गोठ्याकडे टाकूं नयेत. काम झाल्यावर हात साबणानें धुवावे. प्रसूतीसाठीं किंवा अन्य कारणासाठीं घरगुती औषध म्हणून तिचा उपयोग करूं नये. आणि एवढें करूनहि कोणाच्या पोटांत तिचा अंश गेलाच, तर लक्षणांची वाट न पाहतां, वेलीचा तुकडा पिशवींत घालून बरोबर घेऊन, तात्काळ रुग्णालय गांठावें. या विषावर हमखास उतारा म्हणून सर्वत्र मिळणारें औषध नाहीं. लवकर सुरू झालेले उपचार हाच आधार.

हेंच विष योग्य हातांत औषध होतें. संधिवाताच्या एका तीव्र प्रकारावर, ज्याला गाउट म्हणतात, कोल्चिसीन अगदीं अल्प मात्रेंत आजहि दिलें जातें. १८२० सालीं पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं कोल्चिकमपासून तें प्रथम वेगळें केलें. १९३७ मध्यें असें दिसून आलें, कीं वनस्पतींच्या कोंबांवर त्याचा प्रयोग केल्यास पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. तेव्हांपासून नवीन वाण निर्माण करणाऱ्या संशोधकांचें तें हत्यार झालें. बिनबियांचें कलिंगड हें त्याच मार्गानें आलेलें फळ आहे. या औषधी मूल्यामुळें तामिळनाडूंतील दिंडिगल, तिरुप्पूर यांसारख्या जिल्ह्यांत कळलावीचें पीकच घेतात. तेथें मजूर सकाळीं शेतांत फिरून फुलांचें परागीकरण हातानें करतात, आणि बिया औषधांच्या कारखान्यांकडे जातात. तें त्या राज्याचें राज्यपुष्पहि आहे. झिंबाब्वेनेंहि तिला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला आहे.

या मानाला दुसरी बाजू आहे. शेतीला कंद हवे, औषधाला कंद हवे, म्हणून दक्षिणेंतील रानांतून ते फार मोठ्या प्रमाणांत खणले गेले, आणि कित्येक ठिकाणीं एके काळीं कुंपणाकुंपणावर दिसणारी वेल विरळ झाली. सह्याद्रीच्या उतारांवर तिला खणणारा व्यापारी नसला तरी हौशी पाहुणा असतो, आणि वेलीच्या दृष्टीनें दोघांच्या कुदळींत फरक नाहीं. एक कंद गेला म्हणजे दरवर्षींचें फूल गेलें, त्याच्या बोंडांतील बिया गेल्या, आणि त्या बियांपासून तीन-चार वर्षांनीं फुलणाऱ्या वेलीहि गेल्या.

ज्या श्रोत्यांना ही वेल आपल्या दारीं हवी असेल त्यांनीं यंदाच्या आश्विनांत एखाद्या परिचिताच्या बागेंतून एक पिकलें बोंड मागून आणावें. बिया कागदांत बांधून, वर 'विषारी' असें ठळक लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाहीं अशा उंच फळीवर ठेवाव्या, आणि पुढील मृगाला पेराव्या. एका बोंडांत कित्येक बिया असतात. त्यांतील चार उगवल्या आणि दोन टिकल्या, तरी कांहीं वर्षांनीं एका आषाढांत कुंपणावर ज्योत दिसेल, आणि डोंगरावरची ज्योत तिच्या जागींच राहील.